तपासायचा पलंग

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या पोरांनो, पुढे जमणार नाही. गोष्ट आमच्या खालच्या मजल्यावरच्या सोफेवाल्याची. खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवणं हा त्याचा धंदा. त्यानेच मला सांगितली, आणि थापा मारण्याइतकी कल्पनाशक्ती त्या माणसाकडे नाही.

गेल्या जानेवारीतला दुसरा गुरुवार. रात्री साडेनऊला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा त्याला फोन आला. "माझ्या खुर्चीची बैठक फाटलीय. शेवटचा पेशंट गेला, आत्ताच येऊन करून टाक."

आता गंमत बघा. याच खुर्चीसमोर सोफेवाला आदल्या वर्षी आपल्या धाकट्या बहिणीला तीन-चार वेळा घेऊन गेला होता. पोरगी सव्वीस वर्षांची. शौचातून रक्त जायचं, पोट दुखायचं, कपडे अंगावर लोंबायला लागलेले. डॉक्टर मान वर न करता औषध लिहायचे. "मूळव्याध आहे. पाणी पीत जा." तिने एकदा विचारलं, "पलंगावर झोपू का? तपासता?" तर म्हणाले, "तुझ्या वयात काही नसतं गं." झोपणार तरी कुठे? पडद्यामागच्या तपासायच्या पलंगावर औषधांचे खोके रचलेले! मोठ्या इस्पितळात तपासलं तेव्हा आतड्याचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. त्या वर्षीचा पावसाळा काही तिला दिसला नाही.

मान वर न करण्याची पद्धत आमच्या कचेरीतही होती. पण तिथे फक्त अर्ज मरायचे.

"मग काका, डॉक्टरांनी नेमकं त्यालाच कसं बोलावलं?"

"कधी त्याचं तोंड पाहिलं असतं तर बोलावलं असतं का, शहाण्या?"

तर सोफेवाला गेला. डॉक्टर बाहेरच्या खोलीत फोनवर गप्पा मारत बसले. याने बैठक उसवली, नवा फोम बसवला, आणि फोमच्या पोटात एक लांब सुई उभी खोचली. खोल. बसून बसून फोम दबत जाणार आणि सुई हळूहळू वर येणार. "त्यालाही उशिराच कळू दे," असं मला म्हणाला. अगदी शांतपणे.

वरून रेक्झिन ताणणार, एवढ्यात पडद्यामागे पलंग करकरला.

"दादा."

त्याचा हात जागीच थांबला.

"सुई काढ. तुला पोरंबाळं आहेत... त्याला मी बघते."

त्याने सुई काढली. कशी काढली ते आठवत नाही म्हणतो.

डॉक्टर आत आले. "झालं का रे?"

पडद्यामागून आवाज आला, "डॉक्टर... मी आडवी झालेय."

"कोण आहे? दवाखाना बंद झालाय."

"आज तरी हात लावून बघा."

डॉक्टर चिडून पडद्याआड गेले. पडद्याखालून त्यांचे बूट तेवढे दिसत होते.

"कुठे दुखतंय?"

"खाली... अजून खाली... दाबा."

बूट पलंगाजवळ सरकले.

"अगं... हे केवढं..."

"दाबा."

"माझा हात... सोड... हात सोड!"

बूट मागे रेटत होते. घसरत होते. मग टाचा उचलल्या गेल्या...

सोफेवाल्याने पडदा ओढला नाही. ओढता आला असता. "माझी बहीणही अशीच ओरडायची," एवढंच म्हणाला. डॉक्टरांच्या खुर्चीत बसून तो ऐकत राहिला.

आवाज थांबला. मग त्याने पडदा सारला. खोके खाली नीट उतरवून ठेवलेले. पलंगावर कुणी नाही. डॉक्टर भिंतीला टेकून बसलेले, उजवा हात मनगटापासून लुळा. तो हात अजून उठत नाही. नसांत दोष सापडत नाही.

दवाखाना विकला. नव्या डॉक्टरीणबाईंनी पलंग सोफेवाल्याकडेच पाठवला, मधोमध खळगा पडलाय म्हणून. खळगा माणसाचा होता. कुशीवर वळून, गुडघे पोटाशी घेतलेल्या माणसाचा. त्याने फोम बदलला. सकाळी खळगा होताच. पुन्हा बदलला...

दुसऱ्या सकाळी तिने कूस बदललेली होती.