एक गाडी, एक माणूस

"ब्रेक मीच पाह्यले होते, ताई. चांगले होते," मोना म्हणाली. समोरचा चहा तिनं उचललाच नाही.

चारुलता जुनवानी वस्तीतल्या घरातूनच खासगी तपासाची कामं घेई. सोबतीला मावसभाऊ विद्याधर असे. तो गाडी झकास चालवी, डोकं मात्र बरेचदा न्यूट्रलमध्ये ठेवी.

मोना कुरुदजवळच्या एका एटीव्ही ट्रॅकवर मिस्त्री होती. परवा सकाळी, ट्रॅक उघडण्याआधी, तिथली चार जाड चाकांची एटीव्ही गाडी मुरमाच्या टेकाडावर चढताना मागच्या मागे उलटली. चालवणारे केवलराम स्टील प्लांटमधून रिटायर होऊन इथं गाडी शिकवायचे. ते अजून बेशुद्ध होते, आणि मालकानं पोलिसांत मोनाचं नाव दिलं होतं.

"उद्या ठाण्यात बोलावलं आहे. घरात कमावणारी मी एकटीच."

तिघं ट्रॅकवर पोचली. फाटकावर केवलरामांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: एक गाडी, एक माणूस.

"केवलरामजी हेल्मेट घालाचं विसरले, वरून ब्रेक फेल," मालक प्रफुल म्हणाला. "हेल्मेट त्यायच्या बाजूलेच पडलं होतं. दुसऱ्या कोणाले हात नाही लावू द्यायचे."

विद्याधरनं ते डोक्यावर चढवलं. पट्टा हनुवटीखाली पोचेचना.

"केवलरामजी बारीक आहेत का हो?"

"बारीक? तुमच्या दुप्पट!"

चारुलतानं ब्रेक दाबून गाडी ढकलायला लावली. तिघांच्या जोरानंही ती हलली नाही. मागच्या लोखंडी कॅरियरवर एक वाकळ घडी घालून सुतळीनं बांधली होती.

"कंबरदुखीसाठी असेल," विद्याधर म्हणाला.

"ॲम्ब्युलन्स कोणी बोलावली?"

"केवलरामजींच्याच फोनवरून कोण्या बाईनं. नाव नाही सांगितलं," प्रफुल म्हणाला. "मोनाच असन."

"मी घरी होती. पोराले आंघोळ घालून राहिली होती," मोना चिडून म्हणाली.

ट्रॅकला उंच भिंत होती आणि भिंतीबाहेर सिंधुताईंची चहाची टपरी. किडकिडीत बाई. उजव्या मनगटाला फडकं बांधून डाव्या हातानं चहा ओतत होत्या.

"बाथरूममधी घसरली," त्या म्हणाल्या. "मी इथंच होती जी. आवाज तेवढा ऐकला. त्यायची काही चूक नाही, अंग पुढं टाकूनच चढवत होते." मग हळूच विचारलं, "कसे आहेत? कोणी बसते का त्यायच्यापाशी?"

"कोणी नाही. मुलगा बंगळूरला आहे. सुट्टी मिळत नाही म्हणतो," चारुलता म्हणाली.

चहा उतू गेला तरी सिंधुताईंना कळलं नाही. चारुलतानं गॅस बंद केला आणि प्रफुल आणि मोनाला जवळ बोलावलं.

"चढावर ब्रेक गेले तर गाडी मागे घसरते. ही मागच्या बाजूला उलटली. शिकवणारा माणूस अंग पुढे टाकून चढतो, म्हणजे मागे जास्तीचं वजन होतं. विद्याधर, वाकळ कॅरियरवर होती. चालवणारा तिथं बसत नाही."

विद्याधरनं मान खाजवली.

"प्लांटमध्ये जन्म घालवलेला माणूस जेवण विसरेल, हेल्मेट नाही. त्यांनी ते दुसऱ्याला दिलं. लहान डोक्याच्या माणसाला, म्हणून पट्टा इतका आवळलेला. फोनवर बाई बोलली. आणि सिंधुताई, या भिंतीमागून टेकाड दिसत नाही. त्यांनी अंग पुढे टाकलेलं तुम्ही कुठून पाहिलंत?"

सिंधुताई खाली बसल्या.

"मीच हट्ट केला. ते म्हणत, टेकाडावरून प्लांटच्या धुराच्या चिमण्या दिसते. म्हटलं, एकडाव मलेही दाखवा. पाटीकडे पाहून हसले, म्हणे आज एकडाव चुकू." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "आपलं हेल्मेट मले घातलं. पट्टा लागून तर नाही राह्यला, म्हणून दोनदा विचारलं. मले असं कोणी विचारून किती वर्सं झाली, बाई."

"मग गेल्या कावून?" प्रफुलनं विचारलं.

"दोघं म्हातारे एका गाडीवर. लोकं काय म्हणन? त्यायचा पोरगा काय म्हणन? फोन केला अन् ॲम्ब्युलन्सचा आवाज आला, तशी पळाली."

"अन् मी, काकू?" मोनानं विचारलं. "मले अटक झाली असती तं?"

सिंधुताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि टपरीचं फळकूट लावलं. "चाल. ठाण्यात मीच सांगते."

ठाण्यातून बाहेर पडल्यावर विद्याधरनं काही न विचारता गाडी दवाखान्याकडे वळवली. त्या दिवशी त्याला एवढं बरोबर सुचलं.

केवलरामांच्या खाटेजवळचं स्टूल परवापासून रिकामंच होतं. नर्सनं विचारलं, "आप इनकी कौन लगती हैं?"



"त्यायच्या मागं बसली होती मी," सिंधुताई म्हणाल्या आणि स्टूल ओढून खाटेला लावलं.