ऊस हलला तेव्हा

ऊस हलला... आणि माझे दोन्ही हात आपोआप वर गेले.

श्रीरामपूरच्या मुलीला हे वेगळं शिकवावं लागत नाही. उसात खसफस झाली की बिबट्या समजायचं. वाकायचं नाही, पळायचं नाही, हात उंच करून टाळ्या वाजवायच्या आणि ओरडायचं. मी ओरडले, "हाऽऽड! हाऽऽड!" आपण ऑस्ट्रेलियात आहोत, इथे बिबटे नसतात, हे नंतर आठवलं. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन महिन्यांचं प्रशिक्षण घ्यायला आलेली, चांगली शिकलीसवरलेली मी, दमयंती!

पण खरा धक्का पुढेच होता. रस्त्यावर थोड्या अंतरावर आणखी एक माणूस हात वर करून टाळ्या वाजवत होता!

आणि आम्हा दोघांच्या मधोमध, उसातून... एक पक्षी बाहेर आला. पक्षी? माझ्याएवढा उंच, काळाकुट्ट, मान निळीशार, गळ्याशी लाल लोळ्या, डोक्यावर शिंगासारखा तुरा आणि पायाची नखं सुऱ्यासारखी. माझी बोबडीच वळली.

"टाळ्या बंद!" तो माणूस मराठीत ओरडला. मराठीत! "पळू नका मॅडम. खांद्यावरची पिशवी पुढं धरा अन् हळूहळू मागं सरका. लई जोरात लाथ मारतंय त्ये!"

मी सरकले. पक्ष्याने माझ्याकडे नापसंतीने पाहिलं आणि रस्ता ओलांडून तो निघून गेला.

"कॅसोवरी म्हनत्यात त्याला," जवळ येत तो म्हणाला. "तुमी नगरकडच्या ना?"

"कशावरून?"

"ऊस हलल्यावर टाळ्या दुसरं कोन वाजवतंय?"

"आणि तुम्ही?"

"मी गोरक्ष, घोडेगावचा. हितं ऊसतोडनीचं मशीन चालवतो. वरीस झालं, समदं म्हाईत हाय... पन हात काय ऐकत न्हाईत."

तो हसला — आधी डोळ्यांनी, मग ओठांनी. माझी छाती पक्ष्यामुळेच धडधडतेय, असं मी स्वतःला बजावलं.

मग रोज संध्याकाळी तो त्याच रस्त्यावर भेटू लागला. "पक्षी यायचा एखांदा, सोबत करतो," म्हणायचा. पक्षी काही येईना आणि मला त्याचं वाईटही वाटेना. तो मला आवडू लागला होता. ते बोलून दाखवायची हिंमत मात्र नव्हती.

शेवटच्या आठवड्यात कारखान्याने पत्र दिलं. दोन वर्षांची नोकरी, उत्तर शुक्रवारपर्यंत. बाबांनी फोनवर एकच वाक्य ऐकवलं, "आधी लग्न." त्यांनी पाहून ठेवलेल्या पुण्याच्या मुलाला तर परदेशात राहणारी बायको नकोच होती. मला ती नोकरी हवी होती. अगदी मनापासून हवी होती.

गुरुवारी मी हे गोरक्षला सांगत होते, तोच पुन्हा ऊस हलला. कॅसोवरी! मागे तीन पिल्लं, पट्ट्यापट्ट्यांची. आम्ही लांबच थांबलो.

"आई किती जपतेय बघा," मी कुजबुजले.

"आई न्हाई. बाप हाय त्यो."

"काय?"

"मादी अंडी घालून जाती निघून. उबवायची ह्यानं अन् वाढवायचीबी ह्यानंच."

मी थक्क होऊन बघत राहिले. तो पक्ष्याकडेच बघत म्हणाला, "दमयंती..." मॅडम नाही, दमयंती! "माझं काम ह्या म्हैन्यात सरतंय. परत जायचं हुतं... पन तुमी म्हनाल तर ऱ्हाईन. तुमी नोकरी करा. घर मी सांभाळीन. भाकरी येती मला... पोरंबी—" तो लाजून थांबला.

असं बोलणारा पुरुष मी कधी पाहिला नव्हता. तशी कॅसोवरीही कुठे पाहिली होती?

"हे... लग्नाचं विचारताय?"

"व्हय. भ्या वाटतंय... पन व्हय."

मी सरळ बाबांना फोन लावला. "बाबा, मी इथेच राहणार आहे. आणि लग्नही करणार आहे. मुलगा घोडेगावचा आहे. घर तो सांभाळणार आहे."

"दे त्याला फोन," बाबा म्हणाले.

पक्ष्यासमोर न डगमगलेल्या गोरक्षने आधी शर्टाला हात पुसले, मग फोन घेतला. "जी... व्हय... न्हाई जी, पीत न्हाई..." मग फोनवर हात ठेवून तो मला म्हणाला, "इचारत्यात, घर सांभाळनार म्हंजी नेमकं काय काय करनार?"

"मग सांगा की!"

तो रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसला आणि सांगू लागला. सकाळच्या चहापासून. भांडी, कपडे, मी रात्रपाळीवरून आले तर काय, आजारी पडले तर काय... फोनमधून अधूनमधून बाबांचं नुसतं "हं" ऐकू येत होतं. आणि घरातली सगळ्यात भांडखोर म्हणून नाव असलेली मी, तिथेच उभी राहून हमसून हमसून रडू लागले.