गरम झाल्यावरच गळणारा ट्रॅक्टर

"पुठ्ठा अजून आत सरकव," गहिनीनाथ म्हणाला. "आन् डोकं बाहेर काढ. न्हाईतर तेलाचा थेंब तुझ्या डोक्यातच शोधावा लागंल."

"थेंब आहेच कुठे?" ट्रॅक्टरखालून सायलीचा आवाज आला. "काल रात्रभर पुठ्ठा इथेच होता. कोरडा आहे."

पंकजाने वाकून पाहिलं. पुठ्ठ्यावर धूळ होती आणि लिंबाचं एक वाळकं पान होतं. तेल नव्हतं. आदल्या दिवशी आबा रान नांगरून आले तेव्हा याच ट्रॅक्टरच्या पाठीमागून तेलाची धार लागली होती.

आबांचा, म्हणजे आसाराम आजोबांचा हा ट्रॅक्टर पंकजाच्या वडिलांपेक्षाही वयाने मोठा होता. मागे जिथून एक जाड दांडा गिअरबॉक्सच्या बाहेर येतो, तिथे त्या दांड्याभोवती रबराची गोल कडी असते. तिला ऑइल सील म्हणतात. आतलं तेल आत ठेवायचं, एवढंच तिचं काम. दसऱ्यानंतर तेल गळायला लागल्यापासून पाथर्डीच्या मिस्त्रीने ती दोनदा बदलली होती. दुसऱ्यांदाही तेल गळायला लागल्यावर त्याने दांडाच झिजल्याचं सांगितलं आणि ट्रॅक्टर भंगारात द्यायचा सल्ला दिला. सायलीचे वडील, म्हणजे पंकजाचे प्रशांतकाका, चाकणला कंपनीत होते. त्यांनी फोनवरच निर्णय देऊन टाकला. रविवारी ते टेम्पो घेऊन येणार होते. ट्रॅक्टर भंगारात जाणार होता आणि आबा चाकणला.

आणि पंकजा?

तिचे आईवडील दसरा झाल्यावर ऊसतोडीला गेले होते, पार कोल्हापूरकडच्या कारखान्यावर. निम्मं गाव तसंच गेलं होतं. दिवाळीची सुट्टी लागली होती, पण एका आळीत तीन-चार दारांपुढेच पणत्या होत्या. बाकीच्या दारांना कुलपं. क्रिकेट खेळायचं तर एकाने टाकायचा, एकाने मारायचा आणि एकाने आणायचा. त्यातही सायली सुट्टीला आली म्हणून तीन झाले होते. ट्रॅक्टर चालला तर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची रानं आबा नांगरून देत आणि त्यावर आबा आणि पंकजाचं घर चाले. तो गेला की आबांना इथे राहणं जमणार नव्हतं. काकांच्या दोन खोल्यांत पंकजाला जागा नव्हती. तिला आईवडिलांकडे, उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत जावं लागणार होतं. सातवीची शाळा तिथेच संपणार होती.

"सील फाटलं असतं तर रात्री पण गळालं असतं," सायली अंगावरची माती झटकत म्हणाली. "हा फक्त गरम झाल्यावर का गळतो?"

"माझी आजी बी गरम झाल्यावरच बोलती," गहिनीनाथ म्हणाला. "चला, तिनं जेवायला बोलावलंय."

भागूबाई, म्हणजे गहिनीनाथची आजी, चुलीपुढे कुकरला शिव्या देत होती. शिट्टी होत नव्हती आणि झाकणाच्या कडेने फसफसून पिवळं पाणी बाहेर येत होतं. नवं रबर टाकून आठवडा झाला नव्हता, दुकानदाराने फसवलं, असं तिचं म्हणणं होतं. तिने कुकर उतरवला, निवू दिला आणि शिट्टी काढून उजेडात धरली. आत डाळीचं टरफल घट्ट बसलं होतं. खराट्याच्या हिराने तिने ते टोकरून काढलं. कुकर पुन्हा चुलीवर चढला. थोड्या वेळाने शिट्टी झाली. कडा कोरडीच राहिली.

पंकजाचा घास हातातच राहिला.

"काय गं, मिरची लागली का?" भागूबाईने विचारलं.

पंकजाने मान हलवली. जेवून ती कोणाला न सांगता घरी आली. आबा ओट्यावर बसून दोर वळत होते. तिने विचारलं, गिअरबॉक्सला कुठून हवा बाहेर जायला वाट असते का?

आबांनी दोर वळणं थांबवलं नाही. "असती की. वरच्या अंगाला, सीटाच्या फुडं. टोपीवानी झाकन हाय, त्याला खालून बारीक भोकं. का गं?"

"उगंच," पंकजा म्हणाली.

ती ट्रॅक्टरवर चढली. सीटच्या पुढे टोपी नव्हती. गोल, गुळगुळीत, लालभडक असं काहीतरी होतं; बोल्टाचं डोकं असावं तसं. सगळा ट्रॅक्टरच लालभडक होता. खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. काका यंदा खास त्यासाठी आले होते आणि भाड्याने आणलेल्या मशीनने त्यांनी ट्रॅक्टर फवारून रंगवला होता. मग झेंडूच्या माळा, हळदकुंकू, व्हिडिओ. आबा त्या दिवशी सारखे ट्रॅक्टरभोवती फिरत होते. मुलाने किती वर्षांनी त्याला हात लावला होता.

तिने नखाने खालची कड खरवडली. रंगाचा पापुद्रा निघाला आणि बारीक भोक दिसलं. त्यात रंग भरलेला होता. म्हणजे आतली हवा तापून फुगत होती, वर जायला वाट नव्हती, आणि ती तेलाला ढकलत सीलमधून बाहेर पडत होती.

कोडं सुटलं होतं. पंकजा मात्र कोणाला हाक न मारता सीटवर बसून राहिली.

संध्याकाळी गहिनीनाथ तिला शोधत आला तेव्हा ती बांधावर होती. तिने त्याला सगळं सांगितलं. मग पुढचंही सांगितलं, जे सायलीला सांगता आलं नसतं. ती गप्प बसली तर रविवारी ट्रॅक्टर जाणार होता आणि सोमवारी ती आईजवळ असणार होती.

गहिनीनाथने बराच वेळ ढेकळं उचलून ओढ्यात टाकली.

"मी मागल्या साली गेल्तो," तो म्हणाला. "आई पहाटं अंधारात उसाच्या फडात जायची. मी कोपीत, भांडी सांभाळत. ती यायची तवा मी झोपल्यालो असायचो. जवळ ऱ्हाऊन बी भेट न्हाई, पंके. आन् इकडं शाळेतून नाव गेलं ते गेलंच हुतं. कसंतरी परत घातलं."

"मग तुला आता करमतं का इथं?"

"न्हाई," तो म्हणाला. "पर मी सातवीत हाय."

रात्री पंकजाने सायलीला बुजलेल्या भोकांचं सांगितलं. सकाळी तिघं आबांपुढे उभे राहिले. सायलीने मोबाईलमध्ये रंग देण्याआधीचा फोटो शोधून काढला होता. त्यात ती टोपी स्पष्ट दिसत होती, काळपट, खाली भोकं असलेली. फोटो दाखवताना तिचा चेहरा उतरला होता. रंग तिच्याच वडिलांनी दिला होता.

आबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. पान्हा घेऊन ते ट्रॅक्टरवर चढले. टोपी निघाली तेव्हा आतून फुस्स आवाज आला.

"श्वास कोंडला हुता बिचाऱ्याचा," ते म्हणाले.

टोपी रॉकेलमध्ये बुडवली गेली आणि सायलीने सुईने एकेक भोक मोकळं केलं. पण आबा तेवढ्यावर थांबले नाहीत. तेल एका घमेल्यात काढून त्यांनी मागचं सील उचकटलं. रबराची आतली ओठासारखी कड बाहेरच्या बाजूला उलटली होती. मिस्त्रीने जोडीने आणलेलं दुसरं सील डब्यात पडून होतं. आबांनी पंकजाला दांडा चिंधीने पुसायला लावला आणि त्यावर बोट फिरवायला सांगितलं. बोटाला कुठेही खाच लागली नाही. दांडा झिजलेला नव्हताच.

"ओठाला ग्रीस लाव. ओठ आतल्या अंगाला. आता सरळ धर, तिरकं गेलं की कामातून गेलं."

पंकजाने दोन्ही हातांनी सील धरलं. आबा लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने हलके ठोकत गेले. इकडे एक, समोर एक. सील जागेवर बसलं. मग गाळलेलं तेल परत आत गेलं.

रविवारी काका टेम्पो घेऊन आले. त्यांना संध्याकाळच्या आत परतायचं होतं. सील, टोपी, हवा हे सगळं ऐकायला ते तयार नव्हते. मिस्त्रीपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का, असं त्यांनी विचारलं, आणि सायलीला बॅग भरायला सांगितलं.

तेव्हा भागूबाई काठी टेकत आली. तिला गहिनीनाथने आधीच पढवून ठेवलं होतं, पण ती त्याच्याही पुढे गेली.

"प्रशांत, माझं रान नांगरायचं ऱ्हायलंय. तुझ्या बापानं शबूद दिलाय. भंगारात घालायच्या आधी तेवढं करून दे. तूच बस."

तिला नाही म्हणणं काकांना लहानपणापासून जमलं नव्हतं. ते शर्टाच्या बाह्या दुमडून ट्रॅक्टरवर बसले. मुलं बांधावर उभी राहिली. टेम्पोवाला सावलीत झोपला. एक तास तापला की गळेल, असं काका जाताना म्हणाले होते. ते पुनःपुन्हा मागे वळून पाहत होते. रान संपलं, इंजिनाला हात लावता येत नव्हता, तरी मागचा दांडा कोरडा होता. काका उतरले, त्यांनी सीलखालून बोट फिरवलं आणि ते बोट उन्हात धरून पाहिलं.

"मिस्त्री बदलला का?" त्यांनी विचारलं.

सायलीने टोपीकडे बोट दाखवलं. "बाबा, याची भोकं रंगाने बुजली होती. रंग तुम्ही दिला होता."

काका टोपीकडे पाहत राहिले.

"रंग झ्याक हाय," आबा म्हणाले. "पुढल्या खंडेनवमीला बी ये, परत दे. फक्त नाक तेवढं सोड."

आधी काका हसले, मग सगळेच. काकांनी टेम्पोवाल्याला उठवून रिकामं पाठवून दिलं. ओट्यावर चहा पिताना ते म्हणाले की त्यांच्या कंपनीत कोणी एवढं शोधून काढलं असतं तर त्याचा सत्कार झाला असता. आबांनी तिन्ही मुलांकडे पाहिलं. "मिस्त्रीनं दोनदा उघडून पाह्यलं, म्या रोज पाह्यलं. पर इचार केला तो ह्या पोरांनी," ते म्हणाले. मग काकांकडे न बघता त्यांनी सांगितलं की शाळा उघडली की पंकजा इथूनच जाईल, आणि ते स्वतः कुठेही जाणार नाहीत.

संध्याकाळच्या एसटीने काका आणि सायली गेले. गहिनीनाथला शेरडं बांधायची होती. आळीत पुन्हा आवाज उरला नाही. पंकजा टेकाडावर गेली, कारण फोन तिथेच लागायचा.

आईने पहिल्याच वाक्यात विचारलं, सोमवारी किती वाजता पोचशील? कोपीत तिच्यासाठी जागा सारवून ठेवली होती.

पंकजाने सांगितलं की ती येणार नाही. ट्रॅक्टर नीट झाला होता.

पलीकडे आईने भांडी बाजूला सारल्याचा आवाज आला.

"बरं झालं," आई म्हणाली. "शाळा सोडू नगंस. पर नीट कसा झाला?"

पंकजा सांगत गेली. कुकर, टोपी, उलटलेला ओठ, सगळं. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आई आता तिच्याशी बोलत नाही. फोन हातात तसाच धरून ती शेजारच्या कोणाशी तरी बोलत होती. "आगं, माझ्या पंकीनं! सातवीत हाय. मिस्त्रीला जमलं न्हाई ते तिनं शोधलं, सील बी सोता धरून बसवलं." अनोळखी बायकांचे आवाज आले. कोणीतरी हसलं, कोणीतरी काहीतरी विचारलं, आणि आईने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

मग रेंज गेली. पंकजाने फोन तसाच कानाला लावून धरला.