कासवाचं वजन

वजनकाटे दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेली, म्हणून त्यांना घरीदारी सगळे काटेवालेच म्हणत. एकदा वीस किलोचं माप उजव्या अंगठ्यावर पडलं होतं. तेव्हापासून तो अंगठा चपटा, आणि नख मधोमध चिरलेलं. काटा खोटं बोलत नाही, बोललाच तर दुरुस्त करता येतो, एवढ्यावर त्यांचा विश्वास होता. बाकी कशावर फारसा नव्हता.

बायकोला झाडांचा नाद. तोही फुगीर मुळांच्या, दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या माळांवरच्या झाडांचा. मागच्या काचेच्या गॅलरीत तिच्या कुंड्या होत्या. त्यातलं सगळ्यात मोठं झाड तिने लेकीच्या जन्माच्या वर्षी बीपासून वाढवलेलं. पालथ्या कासवासारखा भेगाळलेला कंद, आणि त्यातून निघणारी दोऱ्याएवढी वेल. उन्हाळा लागला की वेल वाळायची आणि कंद झोपायचा.

"झोपलेल्याला पाजायचं नसतं," ती सांगायची. "आतून सडतं. अंगठ्याने दाबून बघावं. टणक लागलं की जिवंत."

त्या वर्षी वेल वाळली आणि तिनेही अंथरूण धरलं. आतड्याचं दुखणं. डॉक्टरांनी दर रविवारी वजन लिहून ठेवायला सांगितलं. काटेवाल्यांनी दुकानातला मोठा काटा घरी आणला आणि त्यावर खुर्ची ठेवली.

"घटतंय ते बरंच आहे," ती हसून म्हणाली. "खांदेकऱ्यांचे हात दुखायला नकोत."

"गप बस."

"आता कासवाचंही करा वजन. आणि अहो, त्याला जाग येईपर्यंत पाणी घालू नका. एवढं जमेल ना?"

"जमेल."

पहिल्या रविवारी कुंडी भरली सहा किलो दोनशे. पुढच्या रविवारी सहा किलो पाचशे. झोपलेला कंद हलका होतो, जड नाही. त्यांनी मापं लावून काटा तपासला. काटा चोख होता. वहीच्या त्याच पानावर बायकोचं वजन होतं, तीनशे ग्रॅमने कमी.

तिसऱ्या रविवारी कंद साडेचारशेने वाढला. ती साडेचारशेने घटली.

"बाबा, चाळीस वर्षं लोकांचे काटे सरळ केलेत, आता तुमचाच वाकडा झाला की काय?" लेक म्हणाली. त्यांनी वही मिटून ठेवली.

पाचव्या रविवारी बायकोला खुर्चीपर्यंत उचलून न्यावं लागलं. हातात काही आलंच नाही असं वाटलं. गॅलरीतली कुंडी मात्र त्यांना दोन्ही हातांनी उचलावी लागली. कंदाच्या भेगा रुंदावल्या होत्या. आतली साल ओलसर, गुलाबी दिसत होती. माती ठणठणीत कोरडी.

त्यांनी बादली भरली. भर दुपारी, झोपलेल्या कंदाला, त्यांनी ती अख्खी पाजली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

आठवड्याने गॅलरीत आंबूस वास सुटला. रविवारी कुंडी हलकी भरली. ओली माती असूनही हलकी.

आणि बायको भरली आठशे ग्रॅमने जास्त.

काटेवाल्यांनी तीनदा वाचलं. मग तोंड फिरवून डोळे पुसले. लेकीने आईच्या गालाला गाल लावला. "बघ, अंग भरतंय तुझं!"

ती पांघरुणाखाली पाय चाळवत राहिली.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी कंद दाबून पाहिला. खालच्या बाजूला, मातीलगत. अंगठा आत गेला. काढला तरी खड्डा भरून आला नाही. चपटा खड्डा, मधोमध नखाच्या चिरेची बारीक रेघ. मेलं एकदाचं, ते म्हणाले, आणि हात धुऊन आले.

तिचं वजन दीड किलोने वाढलं होतं. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी वही पुढे केली. डॉक्टरांनी वही पाहिली नाही. पांघरूण सारून तिची डावी नडगी बोटाने दाबली. गोल खड्डा पडला, तो तसाच राहिला.

"काका, हे अंग भरणं नाही," डॉक्टर हळू म्हणाले. "पाणी आहे."

लेक त्यांच्यासोबत दारापर्यंत गेली.

खोलीत दोघंच उरली. आंबूस वास इथेही होता.

"अहो," ती म्हणाली. "पाणी घातलंत ना?"

त्यांनी अंगठा मुठीत मिटला.

"मला वाटलंच. पायाखाली ओल लागतेय केव्हाची."

ते पांघरूण ओढायला वाकले. डॉक्टरांनी एकदाच दाबलं होतं.

खाली, घोट्यालगत, दुसरा खड्डा होता. चपटा. मधोमध एक बारीक रेघ.