बारा वेळा नापास

"अरे पळा ना! नुसतं बघताय काय मेल्यांनो?" म्हाळसा पडद्यावरच्या लांडग्यांना ओरडली.

सन २०७१. पृथ्वीच्या उत्तर टोकाजवळच्या एका बेटावर उन्हाळा चालू होता, म्हणजे सूर्य मावळत नव्हता आणि थंडी तरीही हाडात शिरत होती. म्हाळसाचा आज्जा, डॉक्टर बिरुदेव हाके, तिथं पांढऱ्या लांडग्यांवर नजर ठेवायला यंत्र-डोमकावळा (उडता कॅमेरा) सोडायचा, आणि म्हाळसा सुट्टीला त्याच्याकडं आली होती. खरे डोमकावळे उष्ट्यासाठी लांडग्यांमागं फिरतातच, त्यामुळं ह्या नकली कावळ्याला कुणी हुसकत नसे.

आणि लांडगे? आठवडाभरात अकरा वेळा कस्तुरीबैलांच्या (लांब झिपऱ्यांच्या, बुटक्या, शिंगाळ जनावरांच्या) कळपावर गेले आणि अकरा वेळा शेपूट हलवत परत! बिळात तीन पिल्लं उपाशी. सगळ्यांत लहानगं तर कालपासून बाहेरच आलं नव्हतं.

"आपल्या गावचा लांडगा एकटा कोकरू पळवतो. हे सात जण मिळून मुलगी बघायला आल्यासारखे येतात! पोहे खायचे, नकार कळवायचा!"

"बघायलाच येतात ते," म्हणत आज्जा चहा ठेवायला गेला.

म्हाळसाला दम निघेना. तिनं कावळ्याचा भोंगा चालू केला आणि मेंढरांमागची घरची आरोळी ठोकली, "हुर्र्र, हुर्यो!" कळप उधळेल, एखादं तरी हाती लागेल.

कळप उधळला नाही. पाठीला पाठ, वासरं मधे, शिंगं बाहेर. पक्कं रिंगण! लांडग्यांनी दोन फेऱ्या मारल्या आणि बसकण मारली.

"म्हाळू, ही आरोळी आपण कधी देतो गं?" दारात आज्जा उभा होता, हातात कप.

तिचा चेहरा उतरला. "लांडगा आला की... मेंढरं गोळा करायला." मग कपाळावर हात मारून, "श्शी! बाराव्यांदा मीच नापास केलं त्यांना!"

"ऐक. उभ्या बैलाला लांडगा भिडत नाही. एक लाथ बसून बरगडी मोडली तर इथं कुठला दवाखाना? म्हणून तो आधी पळायला लावतो. पळताना कोण लंगडतं, कोण मागं पडतं, ते हेरतो. बहुतेक वेळा कुणीच सापडत नाही. मग नकार."

"आणि पिल्लू?"

"वाट बघायची. जमेल?"

"नाही!"

"त्यांना जमतं."

भोंगा बंद करून ती नखं खात बसली. पाच तास! शेवटी रिंगण सैल झालं, कळप चालू लागला. लांडगे उठले. कळप पळाला, आणि एक म्हातारी गाय पाय ओढत मागं राहिली. म्हाळसानं डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा लांडगे गपागप गिळत होते. "एकेक जण आठ-नऊ किलो खातो," आज्जा म्हणाला. "पुढचं जेवण कधी, कुणाला ठाऊक?"

"खादाडांनो, घरी काहीतरी न्या!"

बिळापाशी आई आली ती रिकाम्या तोंडानं. म्हाळसा किंचाळणार, तेवढ्यात पिल्लांनी आईचं तोंड चाटलं आणि आईनं भडाभडा मांस ओकलं. पोटातूनच आणला होता डबा!

"ईऽऽ!" म्हणत म्हाळसानं नाक पडद्याला टेकवलं. दोन पिल्लं तुटून पडली. तिसरं? बिळातून आधी नाक आलं. मग लटपटते पाय.

"खा रे! अरे, तिकडून घे, बावळटा! हां... हां!"

त्यानं घास गिळला. म्हाळसानं नाक पुसलं, वहीत लिहिलं, 'बारा नापास, त्यातला एक माझा', आणि भोंग्याच्या बटणावर चिकटपट्टी मारली.

"आज्जा, पुढच्या खेपेला मी फक्त बघायला येणार."

"पोहे?"

"कर. पण ओरडू नकोस, कळप गोळा होईल."