मनाची कडी

ओवी आईच्या खोलीत बसत नसे. कराडच्या त्या दवाखान्यात, व्हरांड्याच्या पार टोकाच्या बाकावर बसून ती एकटीच बोलत राही. येणारेजाणारे कुजबुजत, "जर्मनीला राहून आली, आता आईचंही सोयरसुतक उरलं नाही." लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार! ओवीला तर स्वतःचंच तोंड आवरत नव्हतं.

नर्सिंग संपवून ती पुण्याच्या एका संस्थेत जर्मन शिकली, तेव्हा तिथे 'मनोच्चारा'चा प्रयोग चालू होता. परकी भाषा शिकणारा चुकला की चूक कानावर येते. ती का झाली, ते मात्र त्याच्या डोक्यातच राहतं. पूर्वी संशोधक सांगत, मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. पण माणूस अर्धं गिळतोच. मनोच्चारात कानामागे लावलेली पट्टी विचाराला थेट जिभेपर्यंत वाट करून देई. चूक जन्मतानाच शिक्षकाच्या हाती लागे आणि वर्षांचं काम महिन्यांत उरके. ओवीची बॅच भराभर शिकून विमानात बसली. पट्ट्या निघाल्या, वाट मात्र बुजली नाही.

प्रयोग करणाऱ्या डॉ. इनामदार तिला भेटायला कराडला आल्या होत्या.

"मॅडम, तुम्ही शिकवलीत जर्मन. मग माझे मराठी विचार का बाहेर पडतात?"

"भाषा कितीही असोत, दार एकच असतं. मनातलं बोलणं तोंडाशी येतं आणि तिथं कडी लागलेली असते. ती आम्ही काढली. पुन्हा आपोआप लागेल असं वाटलं होतं."

"मग लावा ना!" ओवी म्हणाली, आणि पाठोपाठ, नको असताना, "हिला काही जमायचं नाही, नुसती सांत्वनाला आलीय," हेही बोलून गेली.

"खरंय," डॉ. इनामदार म्हणाल्या आणि त्यांनी मान खाली घातली.

आईचा कॅन्सर पोटात सगळीकडे पसरला होता. ताई धसका घेईल, तिला कळता कामा नये, असं मामानं साऱ्यांना बजावलं होतं. ओवीपुढे तर त्यानं हातच जोडले, "पोरी, तू लांबच राहा गं." आईच्या हाकेच्या अंतरावर बसून ओवीचा जीव तीळतीळ तुटत होता.

शेवटी आईनंच बोलावणं धाडलं. ओवी तोंडावर ओढणी गच्च दाबून दारात उभी राहिली.

"आत ये."

तिनं नकारार्थी मान हलवली.

"अगं, तुझं तोंड तुझं ऐकत नाही, ते फोनवरच कळलं होतं मला. आणि मला काय झालंय ते मला ऐकायचं नाहीये. पण तू जवळ हवीस." आईनं दोन्ही कानांतली ऐकायची मशीनं काढून टेबलावर ठेवली. "बस आता. आता मी ठार बहिरी."

आईनं डोळे मिटून घेतले. ओवीनं तिचा हात हातात घेतला आणि ओढणी सोडली. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं बाहेर आलं. मग तुला सोडून जायला नको होतं, हे आलं. तुझ्या हातच्या घासाशिवाय परदेशात पोट भरलंच नाही, हे आलं. आपल्या घरांत लेक आईला जे जन्मात सांगत नाही, तेही आलं.

एवढं तरी तिला कळू दे, म्हणून ओवीनं एक मशीन उचललं. पण पुढच्या क्षणी तोंडातून काय निघेल, ते तिलाच ठाऊक नव्हतं. तिनं ते परत ठेवलं आणि ती बोलत राहिली.