हाच होता का?

शेगडी जरा इकडे सरकव, विल्मेर. आणि ते दार ओढून घे. वारा पडेपर्यंत तराफा काही पाण्यात जात नाही, तेव्हा उगाच जीव खाऊ नकोस. चघळायला कोकाची पानं आहेत ना? मग बस गप.

परवा तुम्ही पोरं हसत होतात, म्हातारा तराफ्यावर चढणाऱ्या प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेतून आत डोकावतो म्हणून. हसा. माझी भाची बासिलिया तुम्हाला माहीत आहे. तिचा नवरा सेवेरो, तो घोगऱ्या आवाजाचा. जन्मापासून तसा नव्हता तो. त्याच्या लग्नात तो असा गायला होता की बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली होती.

गेल्या वर्षीची गोष्ट. तेवीस जून, सान हुआनच्या सणाची रात्र, ऐन हिवाळ्यातली, वर्षातली सगळ्यात थंड. दोघांनी एल आल्तो शहराच्या बाजारातून एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. आधी टॅक्सी होती म्हणे. सेवेरोला ती पुन्हा टॅक्सीलाच लावायची होती, पण बासिलिया हटून बसली. कोपाकबानाच्या चर्चला नेऊन आशीर्वाद घेतल्याशिवाय एकही उतारू बसवायचा नाही. झालं, सकाळी निघाले. तळ्याकाठी एक दिवस मजाही होईल, असा हिशेब.

चर्चसमोर पाद्रीने इंजिनावर पाणी शिंपडलं. बॉनेटवर फुलांचे हार, चारही चाकांना बियर, पहिला घोट धरतीमातेला. सगळं रीतसर. आता आपली रीत काय? नावं घेऊन मागायचं. सेवेरोला सांभाळ, बासिलियाला सांभाळ, संपलं. पण आमच्या पोरीचं मन मोठं. बाटली ओतताना म्हणाली, "या गाडीत जो जो बसलाय आणि जो जो बसेल, तो सुखरूप आपल्या घरी पोचू दे."

सेवेरो हसला. "अगं, अख्ख्या एल आल्तोचा ठेका घेतलास की काय?"

"घेतला. तुझ्या बापाचं काय जातं?"

तळ्याकाठी मासे खाल्ले, फोटो काढले आणि उशीर केला. इथे तिकिनाच्या धक्क्याला आले तेव्हा अंधार पडला होता. शेवटचा तराफा माझा होता. आपला नियम ठाऊकच आहे, माणसांनी होडीतून जायचं, गाडीने तराफ्यावरून. दोघं उतरले. मी म्हटलं, "त्या मागच्यालाही उतरव की रे."

"कुठला मागचा, मामा?"

मला डोकं दिसलं होतं. काळं जाकीट, हनुवटी छातीला टेकलेली, झोपलेल्या माणसासारखी. पुन्हा बघितलं तर नुसती घोंगडी.

"मामा, चष्मा करा आता," सेवेरो म्हणाला आणि होडीत जाऊन बसला.

तराफ्यावर मी आणि ती गाडी. पाण्याच्या मधोमध आलो आणि गाडीतून कोणीतरी खोकलं. कोरडं. घशात काही अडकल्यासारखं. लाकूड करकरलं असेल, म्हटलं. मागे वळून मात्र बघितलं नाही.

पुढचं बासिलियाने सांगितलेलं.

उआरिनाच्या अलीकडे रस्ता मोकळा होता. लोक घरोघरी शेकोटीपाशी. सेवेरो गाणं म्हणत गाडी चालवत होता. गाणं मध्येच तुटलं. तिला वाटलं, शब्द विसरला.

तिने बघितलं. त्याचे दोन्ही हात गळ्यावर होते.

दोरी दिसत नव्हती. पण मानेचं मांस आत जात होतं. बोटभर खोल खाच, या कानापासून त्या कानापर्यंत. डोळे बाहेर आले होते. जीभ काळी पडत होती.

उतारूला रात्री टॅक्सीत बसवून मागून गळा आवळणारे एल आल्तोत कसे असतात, ते तुम्हाला मी काय सांगायचं? तिला त्या क्षणी कळलं, ही गाडी आधी कोणाची होती आणि मागे कोण बसलंय.

तिने हातब्रेक ओढला. गाडी गरकन फिरली आणि दगडाच्या खांबावर आदळली. काच तडकली. तिचं कपाळ फुटलं, एका डोळ्यात रक्त उतरलं. पायाशी बियरची रिकामी बाटली लागली. ती उचलून तिने मागच्या सीटवर घातली, जीव खाऊन.

सीट मऊ असते. बाटली मऊ जागी पडली नाही... हाडावर पडली. बासिलियाने जन्मभर मेंढरं कापली आहेत, तो आवाज तिला कळतो. बाटली फुटली. खाच आणखी खोल गेली. सेवेरोच्या नाकातून रक्त आलं.

मारून भागणार नव्हतं. तेव्हा तिला स्वतःचेच शब्द आठवले. जो जो बसलाय.

ती म्हणाली, "तुला घरी जायचंय ना? नेते. मी कबूल केलंय, मी नेते. याला श्वास घेऊ दे."

खाच तशीच.

"हा मेला तर गाडी कोण चालवणार रे, मुडद्या?"

खाच थोडी सैल झाली. श्वासापुरती. त्याहून नाही.

इंजिन चालू होतं. सेवेरोने गाडी रस्त्यावर घेतली. उआरिनाच्या फाट्यावर त्याने एल आल्तोकडे, उजवीकडे वळवली. मान डावीकडे हिसडली गेली. कातडी फाटली. तो डावीकडे वळला. पुढे पुन्हा हिसका. मग उजवीकडे. खेचरासारखं हाकत नेलं त्याला. मातीची वाट. तळ्याचं पाणी जवळ. मग एक विटांचं घर, एकटं.

थांबला.

खाच सैल होईना. उलट आवळली गेली. पूर्ण.

बासिलिया उतरून दारावर लाथा घालू लागली. "उघडा! तुमचा माणूस आलाय! माझ्या माणसाला मारतोय!"

एक म्हातारी कंदील घेऊन बाहेर आली. तिने सरळ गाडीचं मागचं दार उघडलं, कंदील आत धरला आणि हात उगारून फाडकन मुस्काटात दिली. आत कोणी नव्हतं. आवाज मात्र आला... गालावर बसल्याचा.

"लीनो," म्हातारी म्हणाली, "नीट बघ त्याच्याकडे. हाच होता का?"

सेवेरोचं डोकं केसांनी धरून मागे वळवलं गेलं. हळूहळू. कंदिलाचा उजेड त्याच्या तोंडावर. त्याला समोर सीट दिसत होती, रिकामी. आणि तोंडावर श्वास लागत होता. थंड.

बासिलिया मला म्हणाली, मामा, तेवढ्यात मी म्हातारी झाले.

"सांग, पोरा. हाच होता?"

...

...

केस सुटले. सेवेरो स्टिअरिंगवर पडला आणि ओकला.

"चल मग," म्हातारी म्हणाली. "किती दिवस झोपला नाहीस." कोणाचा तरी दंड धरल्यासारखा हात करून ती आत गेली. तिचा मुलगा लीनो त्या वर्षी कार्निवलच्या आधी एल आल्तोला गेला होता, तो परतलाच नव्हता. प्रेतही मिळालेलं नाही. अजून नाही.

दोघं पहाटेपर्यंत तिच्या चुलीपाशी बसून होते. आतल्या खोलीत जायची हिंमत कोणाची?

तिसऱ्या दिवशी ती मोडकी गाडी ओढून आणायला मीच गेलो. तळ्याकाठचं पाणी गोठलेलं, भिंतींना हात लावला तर बोटं बधिर होत होती. म्हातारीने मला आतल्या खोलीत नेलं. खाट, त्यावर घोंगड्या, उशीला डोक्याचा खळगा. खोलीत शेगडी नव्हती, ऊन येत नव्हतं. "हात लावून बघा," ती कुजबुजली. "हळू. आत्ताच डोळा लागलाय."

मी घोंगडीखाली हात घातला.

गरम होतं.